जांभळ्याचं पिवळं

लक्ष्मीपुरीत आईचा डंक.
चैत्र लागला की दारात डब्यांची रांग,
झाकणांवर खडूनं नावं : पाटोळे, बागवान, चौगुले, नाईकनवरे.
लोखंडाचे चार पाय एकामागून एक पडत राहतात
मिरचीवर, खोबऱ्यावर, हळकुंडांवर,
आणि अख्खी गल्ली शिंकते.

मी तिथून केएमटीनं सागरमाळावर जाते, प्रयोगशाळेत.
पिशवीत भाकरी आणि सहा पुरचुंड्या :
आलं, हळकुंड, आंबेहळद, कचोरा, वेलदोडे,
आणि कुळिंजन, जे शोधायला
रियाजभाई अत्तारांना माळ्यावर चढावं लागलं.
"घसा बसलाय काय गं?"
न्हाई चाचा, परीक्षा आहे. ह्यांची.

सहाही एकाच कुळातली.
पानं बघितली तर सख्ख्या बहिणी,
मातीखाली गाठीगाठींचे हात.
वाळवायचं, कुटायचं, भिजवायचं, गाळायचं
(कुटायला मला कुणी शिकवलं नाही),
मग थेंब थेंब त्या जांभळ्या द्रावात
आणि अर्धा तास अंधार.
दार उघडायचं नसतं.
मी किलकिलं करून बघते.

एकदा डंकाची मोटर जळाली म्हणून आई आली.
चपला व्हरांड्यात काढून स्टुलावर टेकली.
"ह्ये जांभळं काय?"

सांगितलं तिला, जमेल तसं.
कणाकणात विजेचे बारके ठिपके, जोडीजोडीनं राहणारे.
ह्यात एक एकटा उरलाय.
तो स्वस्थ बसत नाही,
ज्याच्या त्याच्या घरात हात घालतो,
एकाचं ओढून घेतो, मग तो दुसऱ्याचं मोडतो.
शरीर असंच गंजत जातं म्हणे.

"आन् हळद?"

हळद स्वतःजवळचं एक देते त्याला.
आणि देऊनही चवताळत नाही.

आई बराच वेळ खिडकीकडं बघत राहिली.
"बिनजोडीचा व्हय," म्हणाली.

अण्णा जाऊन पाच वर्षं झाली.
तीस वर्षं त्यांच्या श्वासात मिरची.
आल्याचा रस झाला, मध झाला, रात्रीचं हळदीचं दूध,
दाढेखाली कुळिंजनाचा तुकडा,
आणि शेवटी सीपीआरच्या खाटेशेजारी नळकांडं,
त्यातला तोच प्राणवायू
ज्याच्याशी माझ्या नळ्यांचं भांडण.
म्हणून प्रत्येक तक्त्याखाली मी पेन्सिलीनं लिहिते :
काचेत खरं ठरलं ते रक्तात खरं ठरेलच असं नाही.
देवताळे मॅडम म्हणतात, हे प्रस्तावनेत आलंय, खोड.
मी खोडत नाही.

चैत्रगौरीला पेठेतल्या बायका आईला बोलावत नाहीत.
त्यांच्या वाटीतली हळद मात्र
तिनंच कुटलेली, तिनंच चाळलेली.
दिवस मावळता कोपरापर्यंत पिवळी होते ती,
साबणानं जात नाही.

गजर वाजला. कपाट उघडलं.
वेलदोड्याची नळी अजून जांभळट,
चहातला मानकरी इथं मागच्या बाकावर.
आलं फिकं झालेलं.
हळदीची पार पिवळी,
पण तिचा स्वतःचाच रंग पिवळा,
तो वजा केल्याशिवाय आकडा धरत नाहीत.

मी वजाबाकी करत होते,
तोवर आईनं ती नळी उचलून उजेडात धरली.
हात लावायचा नसतो, हे सांगायचं राहून गेलं.
"उतरला की गं," ती म्हणाली,
कपाळावर हात ठेवून ताप बघावा तशी.

खाली ठेवली तेव्हा काचेवर तिचा अंगठा उमटलेला,
आतलं पिवळं कुठलं, बाहेरचं कुठलं, कळेना.
यंत्रात घालायच्या आधी पुसायची असते.
पुसली. पण आधी वहीत तो आकडा लिहायची जागा
तशीच मोकळी सोडून थोडा वेळ बसले.

"चल, मोटर आली आसंल," ती चपला शोधत म्हणाली,
"चौगुल्यांची चटणी निम्मीच ऱ्हायलीया."